आधी हिशेब द्या, मग निधी मागा: भाजपच्या इंदूर नगर पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
भारतीय जनता पक्षाचे इंदूर नगर पदाधिकारी,
दीनदयाल भवन, जावरा कंपाउंड, इंदूर

स.न.वि.वि.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, दीनदयालजींच्या पुण्यतिथीला, पक्ष समर्पण दिवस पाळतो आणि त्या सुमारास आमच्या भागात निधीचं पावतीपुस्तक फिरतं. रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, या वस्त्यांतल्या कितीतरी मराठी घरांत ही पावती तीन-तीन पिढ्या फाडली गेली आहे. आमच्या घरातही. यापुढे मी निधी देणार नाही. कार्यकर्ता दारात उभा असताना, चहा होईपर्यंत, त्याची कारणं सांगून होणार नाहीत, आणि त्या मुलांचा यात काही दोषही नाही. म्हणून तुम्हाला उघडपणे लिहिते आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. सासर जनसंघाचं. सासरे आणीबाणीत मिसाखाली आत होते. त्या काळात घरात धान्य कुणी पोचवलं, मुलांच्या शाळेची फी कुणी भरली, हे सासूबाई शेवटपर्यंत नावानिशी सांगत. त्यात एक मास्तर होते, पोस्टातले एक जण होते, मिलमधले जॉबर होते, सराफ्यातला एक लहानसा दुकानदार होता. एकाही उद्योगपतीचं नाव त्यात नव्हतं. पक्ष म्हणजे ही माणसं, हे मी त्या घरात शिकले. १९८९ मध्ये सुमित्राताई महाजन पहिल्यांदा लोकसभेला उभ्या राहिल्या तेव्हा समोर प्रकाशचंद्र सेठी होते, राज्याचे माजी मुख्यमंत्री आणि देशाचे माजी गृहमंत्री. आमच्याकडे गाड्या नव्हत्या, पैसा नव्हता. भजनी मंडळ, भिशी, शाळेचं फाटक, जिथे चार बायका भेटतील तिथे आम्ही बोललो. मतदारांच्या पर्च्या रात्री जागून हाताने लिहिल्या. ताई निवडून आल्या, आणि ती निवडणूक धरून सलग आठ वेळा येत राहिल्या.

कुशाभाऊ ठाकरे आपल्या धारचे. मध्य प्रदेशात गावोगाव पक्ष उभा करणारा हा माणूस १९९८ मध्ये राष्ट्रीय अध्यक्ष झाला, तरी त्याच्या राहणीत फरक पडला नाही. आजीवन सहयोग निधीची पद्धत आपल्याकडे त्यांच्याच नावाने सांगितली जाते. तिच्यामागचा विचार मला नेहमीच मोठा वाटत आला आहे. ज्यानं शंभर रुपये दिले, त्याला पक्षाला चार प्रश्न विचारायचा हक्क मिळाला. आमच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक निधी देताना आधी ड्रेनेजची लाइन कधी टाकणार ते विचारायचे, मग रेशन दुकानदाराची तक्रार सांगायचे, आणि सगळ्यात शेवटी पाकीट काढायचे. कार्यकर्ता वहीत लिहून घ्यायचा, कारण पुढच्या वर्षी त्याला पुन्हा त्याच दारात यायचं असे. मोठ्या पैशाला दाराची पायरी चढावी लागत नाही, आणि जिथे चढावी लागते तिथे ती दुसऱ्याच घराची असते. माझं एवढंच म्हणणं आहे: ज्या पक्षाचा खर्च आमच्या पैशावर चालत नाही, त्याला आम्हाला उत्तर देण्याचं कारण हळूहळू उरत नाही. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

हे ऐकून तुमच्यापैकी कुणी म्हणेल की मावशी जुन्या काळात रमल्या. म्हणून पक्षाचाच इतिहास पुढे ठेवते.

१९७१ च्या निवडणुकीत दिल्ली सदरमधून जनसंघाचे कंवरलाल गुप्ता हरले. जिंकलेल्या काँग्रेस उमेदवाराने मर्यादेपेक्षा जास्त खर्च केला म्हणून ते कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, की उमेदवारासाठी त्याच्या पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच खर्चात धरला पाहिजे, नाहीतर मर्यादेला काही अर्थ राहत नाही. ज्याच्यामागे धनवान आहेत तोच जिंकेल, सामान्य माणसाची संधी जाईल, अशी त्यामागची काळजी होती. इंदिरा गांधींच्या सरकारने त्याच महिन्यात अध्यादेश काढून तो निकाल पुसून टाकला. तेव्हापासून आजतागायत उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, लोकसभेला मोठ्या राज्यांत ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख, पण पक्षाच्या खर्चाला कसलीच मर्यादा नाही. जी लढाई जनसंघाच्या माणसाने जिंकली आणि काँग्रेसने हिरावून घेतली, ती पुन्हा जिंकून देण्याएवढं बहुमत आपल्याकडे २०१४ आणि २०१९ अशा दोन लोकसभांत होतं. त्या दहा वर्षांत कुणाला कंवरलाल गुप्तांची आठवण झाली नाही.

१९९० मध्ये निवडणूक सुधारणांसाठी दिनेश गोस्वामी समिती बसली. तिच्यात लालकृष्ण अडवाणी होते. आणि आपल्या इंदूरचे होमी दाजीही होते, १९६२ मध्ये मिल कामगारांच्या मतांवर लोकसभेत गेलेले. आमच्या घरात दाजींच्या कम्युनिस्ट पक्षाला कुणी मत दिलं असेल असं वाटत नाही, पण त्यांच्या सचोटीबद्दल सासरेही चांगलंच बोलायचे. इतक्या वेगळ्या विचारांची माणसं असलेल्या त्या समितीने कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घालावी अशी शिफारस केली. पुढे अटलजींच्या सरकारने २००३ मध्ये कायदा बदलला आणि वीस हजारांवरच्या प्रत्येक देणगीदाराचं नाव दरवर्षी निवडणूक आयोगाला कळवण्याचं बंधन पक्षांवर घातलं. ती आपल्या पक्षाने देशाला दिलेली चांगली गोष्ट आहे, आणि मी ती अभिमानाने सांगत आले आहे.

२०१७ मध्ये तीच गोष्ट आपण मोडली. निवडणूक रोखे, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायचे कागद, आणण्यासाठी वित्त विधेयकातून कायदे बदलले गेले. धन विधेयक असल्यामुळे राज्यसभेला त्यात बदल करायचा अधिकारच राहिला नाही. रोख्यातून आलेल्या देणगीचं नाव आयोगाला कळवायची गरज संपली. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच द्यावं ही मर्यादा गेली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवं तेवढं देऊ शकत होती, आणि कोणत्या पक्षाला दिलं हे नफा-तोटा पत्रकात दाखवायचीही तिला गरज नव्हती. रिझर्व्ह बँकेने आधीच शंका काढल्या होत्या. निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्ये सरकारला पत्र लिहून हे मागे नेणारं पाऊल आहे असं कळवलं होतं. कुणाचंच ऐकलं गेलं नाही.

मी बँकेत आयुष्य काढलं, म्हणून यातली एक गोष्ट मला फार लागली. रोखा घेणाऱ्याची केवायसी स्टेट बँकेकडे असायची. रोखा पंधरा दिवसांत पक्षाच्या ठरलेल्या खात्यात भरावा लागे. दोन्ही टोकांची नोंद त्याच एका बँकेत. शिवाय रोख्यावर डोळ्यांना न दिसणारा क्रमांक छापलेला होता. तो अतिनील प्रकाशात दिसतो, हे एका पत्रकाराने २०१८ मध्येच प्रयोगशाळेत तपासून घेऊन दाखवलं होतं. म्हणजे नोंद होती, क्रमांक होता, खातं होतं. अंधारात ठेवला गेला तो फक्त मतदार. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि माहिती मागितली, तेव्हा बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा निवडणूक पार पडेपर्यंत. संध्याकाळचा हिशेब जुळल्याशिवाय ज्यांना घरी जायची परवानगी नसे अशा लाखो बँक कर्मचाऱ्यांपैकी मी एक आहे. मला त्या अर्जाची लाज वाटली. न्यायालयाने मुदत नाकारली आणि माहिती दुसऱ्या दिवशी आयोगाकडे पोचली.

ती माहिती काय सांगते? १२ एप्रिल २०१९ पासूनच्या यादीत आपल्या पक्षाच्या नावावर ६,०६० कोटी रुपये आहेत. तृणमूलच्या नावावर १,६०९ आणि काँग्रेसच्या नावावर १,४२१ कोटी. २०२२-२३ या एका वर्षात पक्षाने आयोगाला कळवलेलं उत्पन्न २,३६१ कोटी, त्यातले १,२९४ कोटी रोख्यांचे. निम्म्याहून जास्त पक्ष त्या वर्षी अशा पैशावर चालला, ज्याच्या मालकाचं नाव मतदाराला कळू शकत नव्हतं. आणि हा पैसा कुणा सामान्य समर्थकाने साठवून दिलेला नव्हता. हजार आणि दहा हजारांचेही रोखे मिळत होते, पण रकमेच्या हिशेबाने नव्वद टक्क्यांहून जास्त रोखे एक-एक कोटीचे होते.

पाटबंधारे, बोगदे, रस्ते बांधणाऱ्या मेघा इंजिनिअरिंगने ९६६ कोटींचे रोखे घेतले, त्यातले ५८० कोटींहून अधिक आपल्या पक्षाला मिळाले. ऑरोबिंदो फार्माच्या एका संचालकाला १० नोव्हेंबर २०२२ ला दिल्ली दारू प्रकरणात अटक झाली. १५ तारखेला कंपनीने पाच कोटींचे रोखे घेतले आणि ते पाचही कोटी आपल्या पक्षाच्या खात्यात आले. पुढच्या वर्षी तो संचालक माफीचा साक्षीदार झाला. ही देवाणघेवाण होती असं मी म्हणत नाही, ते सिद्ध झालेलं नाही. विशेष तपास पथक नेमायलाही न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नकार दिला. पण तारखा समोर असताना आम्ही पक्षाला विचारायचंसुद्धा नाही का? गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीत एखाद्याने अचानक मोठी रक्कम टाकली, तर आपण त्याला कारण विचारतो.

मार्च २००१ मध्ये पक्षाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण एक लाख रुपये घेताना कॅमेऱ्यात दिसले आणि त्यांना पद सोडावं लागलं. तो पैसा बेकायदा होता, रोखे तेव्हाच्या कायद्याप्रमाणे होते, हा फरक मला मान्य आहे. तरीही त्या मार्चमध्ये आमच्या घरी दोन दिवस कुणाला धड जेवण गेलं नव्हतं, कारण आपला माणूस पैशाला भुलू शकतो हेच आम्हाला सहन होत नव्हतं. ती लाज पक्षाची ताकद होती. ती आता कुठे दिसत नाही.

तुमच्याकडून दोन उत्तरं मी नेहमी ऐकते. पहिलं, की सगळ्यांनी घेतले. घेतले. सर्वांत जास्त रोखे विकत घेणाऱ्या लॉटरीच्या कंपनीचा मोठा वाटा तृणमूल आणि द्रमुकला गेला. काँग्रेसने तर १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्या बंद करून काळ्या पैशाला वाट मोकळी करून दिली आणि १९८५ मध्ये पुन्हा सुरू केल्या. पण मी तृणमूलची मतदार नाही. मी माझ्या पक्षाला विचारते. दुसऱ्याचं घर अस्वच्छ आहे हे सांगून स्वतःचं अंगण झाडलं जात नाही. दुसरं उत्तर असं, की रोख्यांनी पांढरा पैसा आणला, आधी सगळं रोखीत चालायचं. आधी रोखीत चालायचं हे खरं, आणि रोख देणगीची मर्यादा वीस हजारांवरून दोन हजारांवर आणली तेही चांगलं केलं. पण बँकेतून आलेल्या पैशाचं नाव झाकून ठेवायची काय गरज होती? धनादेशाने दिलेली देणगीही बँकेतूनच येते, आणि तिच्यावर देणाऱ्याचं नाव असतं. विरोधी पक्षाला दिल्याचं कळलं तर सरकार उद्योजकाला त्रास देईल म्हणून नाव झाकलं, असंही सांगितलं जातं. सत्तेत आपणच असताना हे कारण देणं म्हणजे आपल्याच सरकारवर अविश्वास दाखवणं झालं.

कंपन्यांच्या पैशाची भीती काही आजची नाही. १९५७ मध्ये टाटा स्टीलने राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल मागितला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी, कायद्यात बंदी नव्हती म्हणून परवानगी दिली खरी, पण हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा दाबू शकतो, अशा अर्थाचा इशारा निकालातच लिहून ठेवला. जनसंघ तेव्हा सहा वर्षांचा होता.

आता इंदूरचं बोलते. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांत मराठी घरं पुष्कळ होती. थकीत पैशासाठी त्या माणसांनी तीस वर्षांवर फेऱ्या घातल्या. कितीतरी जण वाट पाहतच गेले आणि वारसांनी फाइल पुढे चालवली. २५ डिसेंबर २०२३ ला आपल्याच सरकारने तो प्रश्न सोडवला, सुमारे ४,८०० कामगारांचे २२४ कोटी रुपये देण्याची व्यवस्था झाली. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे, आमच्या ओळखीच्या घरांत त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली गेली. पण त्याच रकमेशेजारी मी दुसरा आकडा ठेवते: त्या एका लॉटरी कंपनीने पाच वर्षांत १,३६८ कोटींचे रोखे घेतले. एका संपूर्ण मिलच्या कामगारांचं जे देणं फेडायला तीन दशकं लागली, त्याच्या सहापट पैसा एक कंपनी राजकीय पक्षांना देऊ शकते. अशा कंपनीचा फोन कोणताही पक्ष पहिल्या घंटीला उचलेल. कामगाराला कोर्टाच्या तारखा मिळतात.

हे दिल्लीपुरतं आहे असंही नाही. शहराच्या राजकारणात कॉलोनायझर, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून विकणारा, किती जवळ बसतो हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. वाढदिवसाचे फलक, चौकाचौकातले स्वागत मंच, त्यावरचे ढोल आणि फुलांचे ढीग, यांचे पैसे कोण देतं? पूर्वी मंचाच्या मागे कार्यकर्ते वर्गणी काढत असायचे, आता फलकावर खाली ज्यांची नावं असतात त्यातल्या निम्म्यांना वार्डात कुणी ओळखत नाही. अवैध कॉलनीत प्लॉट घेऊन फसलेली माणसं जेव्हा पार्षदाकडे, म्हणजे नगरसेवकाकडे, जातात तेव्हा तो त्यांचं ऐकतो की ज्यानं प्लॉट विकला त्याचं, हे त्याच्या निवडणुकीला पैसा कुठून आला यावर ठरतं. मी कुणा एकावर आरोप करत नाही. हिशेब उघड नसेल तर संशय प्रामाणिक पार्षदावरही येतो, आणि असे प्रामाणिक पार्षद आपल्याकडे आहेत, मी त्यांना ओळखते. त्यांच्यासाठीही मला हे बोलायचं आहे.

आणि २०२४ ची लोकसभा. २९ एप्रिलला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि तो आपल्या पक्षात आला. आपण ११,७५,०९२ मतांनी जिंकलो आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली, देशात कुठेही पडली नव्हती इतकी. काँग्रेसने नोटाचं आवाहन केलं होतं हे खरं. पण ती सगळी मतं काँग्रेसची होती असं स्वतःची समजूत घालून घेऊ नका. स्वतः ताईंनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं, की हे व्हायला नको होतं, त्याची गरजच नव्हती, आणि हे न आवडल्यामुळे नोटा दाबू म्हणणाऱ्या सुशिक्षित लोकांचे फोन त्यांना आले. १९८९ मध्ये आम्ही एका बलाढ्य माणसाशी समोरासमोर लढून ही जागा जिंकली होती. तिथेच आता मतदारासमोर खरी लढतसुद्धा ठेवायची नाही, हे जुन्या घरांना फार झोंबलं.

याचा पैशाशी काय संबंध, असं विचाराल. मला तो सरळ दिसतो. पैशासाठी आमची गरज उरली नाही. प्रचारासाठी उरली नाही, ते काम आता कंत्राटावर होतं, फोनवर होतं. आणि मतांसाठी आम्ही कुठे जाणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. राममंदिर, ३७० कलम, आमच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या होतं ते झालं, आणि त्यासाठी आम्ही पक्षाचे ऋणी आहोत. त्या ऋणाचा उपयोग आम्हाला गप्प बसवायला होतो आहे. परवा महाराष्ट्र साहित्य सभेच्या एका कार्यक्रमानंतर काही जुनी मंडळी यावरच बोलत होती. प्रत्येकाची तक्रार वेगळी होती, कुणाची नगर निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, कराबद्दल, कुणाची मुलाच्या नोकरीबद्दल. पण हे आपण पक्षात कुणाला सांगायचं, यावर सगळे थांबले. तीस वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या प्रत्येकाने एका माणसाचं नाव घेतलं असतं.

रोखे गेले, पण पैसा थांबलेला नाही. तो आता इलेक्टोरल ट्रस्टच्या वाटेने येतो. २०२३-२४ मध्ये प्रुडंट ट्रस्टकडून आपल्या पक्षाला ७२० कोटींहून जास्त मिळाले, काँग्रेसला दीडशेच्या वर. ट्रस्टमध्ये कोणी पैसे टाकले आणि ट्रस्टने कोणत्या पक्षांना दिले, ही दोन्ही नावं कळतात, हे रोख्यांपेक्षा बरं. पण मधे सगळं एकत्र होतं, आणि कुणाचा पैसा कुणाकडे गेला हे पुन्हा मतदाराला सांगता येत नाही.

मग तुमच्याकडून मला काय हवं आहे? दिल्लीचे निर्णय इंदूरमध्ये होत नाहीत हे मला कळतं. पण ठराव इथे होऊ शकतात. नगर कार्यकारिणीने ठराव करून भोपाळला आणि दिल्लीला पाठवावा, की १२ एप्रिल २०१९ च्या आधी जे रोखे पक्षाला मिळाले त्यांच्या देणगीदारांची नावं पक्षाने आपण होऊन जाहीर करावीत. द्रमुक, अण्णा द्रमुक आणि जनता दल सेक्युलर यांनी आपल्या देणगीदारांची नावं आयोगाला दिली. आपण मात्र कायद्याने नावं ठेवायची गरज नव्हती असं सांगितलं. एक कोटी देणारा कोण हे कोषाध्यक्षाला माहीत नसतं, हे मला पटत नाही. शंभर रुपये देणाऱ्या माझ्या पावतीवर तर नाव, पत्ता, फोन, सगळं लिहून घेतलं जातं. त्याच ठरावात माहिती अधिकाराचंही असावं. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ ला सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराखाली आणलं. त्यात आपण होतो, काँग्रेस होती, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष होते. एकानेही तो आदेश पाळला नाही. सुरुवात आपण केली तर बाकीच्यांना तोंड लपवायला जागा राहणार नाही. पक्षाच्या खर्चाला मर्यादा घालायची मागणीही करा, आणि ती करताना कंवरलाल गुप्तांचं नाव घ्या.

या तिन्ही गोष्टींना वेळ लागेल, कदाचित उत्तरही येणार नाही. जे पूर्णपणे तुमच्या हातात आहे ते मात्र मला लवकर हवं आहे. नगर संघटनेला वर्षभरात किती पैसे मिळाले, दहा हजारांवर कुणी दिले, मंच, सभा, फलक यांवर किती खर्च झाले, याचा कागद दीनदयाल भवनात लावा आणि छापून वार्डावार्डांत द्या. कुठल्याही कायद्याने तुम्हाला त्यापासून अडवलेलं नाही. ज्या बिल्डरची किंवा ठेकेदाराची फाइल निगमात पडून आहे त्याच्याकडून त्या काळात देणगी घेणार नाही, असा नियम करा.

२०२७ मध्ये निगमाची निवडणूक यायची आहे. पार्षदाच्या प्रत्येक उमेदवाराने प्रचाराच्या प्रत्येक आठवड्याचा जमाखर्च वार्डात वाचून दाखवावा: स्वतःचे किती, पक्षाचे किती, बाकीचे कुणाचे. आमच्या भागात माझ्यासारखे बँकेतून, पोस्टातून, विमा कंपनीतून निवृत्त झालेले पुष्कळ जण आहेत. पडताळणीला माणसं लागली तर आम्ही बसू, पैसे न घेता, आणि हिशेब जुळला तर त्यावर आमची सही करून देऊ. तुमच्या बैठकीची तारीख कळवा, मी येईन.

आपली,
रामबागेतली एक जुनी मतदार